आत्यांना टेकडीवर बंदी

आत्यांना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे, मीटरपर्यंत. मी वीजखात्यात मीटर वाचायचो. गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्यात मी गेलो नाही, आणि एकही घर असं नव्हतं की ज्यात दाराजवळच्या त्या काळ्या पेटीच्या पुढे गेलो. आकडा बघायचा, लिहायचा, निघायचं. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच झालं. म्हणून टेकडी सांभाळणाऱ्या संस्थेच्या लोकांनी जेव्हा सांगितलं, "आत्यांवर तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना रोज भेटत होतात," तेव्हा मला घामच फुटला. रोज तर मी खांबालाही भेटायचो. पण नाही म्हणायला धीर लागतो आणि तो माझ्याकडे नाही. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. त्यातलं निम्मं मला अजून खरं वाटत नाही.

आत्यांचं दुकान गुंड्या, दोरे आणि नाड्यांचं. इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. भिंतीभर काचेच्या बरण्या, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक झाकणावर त्यातलीच एक गुंडी चिकटवलेली. तुम्ही तुटलेली गुंडी घेऊन गेलात की आत्या ती दोन बोटांत धरून उजेडाकडे करायच्या आणि म्हणायच्या, "असली मिळायची नाही. सगळ्याच बदला." गिऱ्हाईक तोंड पाडून पायरी उतरलं की मागून हाक. "अहो, लगेच काय निघालात? ही घ्या जोडीची." हा खेळ त्यांनी माझ्याशी अनेकदा केला. मी दर वेळी फसलो.

सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं. मी त्यांच्याहून मोठा, तरी मीही तेच म्हणायचो.

"मला आत्या म्हणून तुमचं वय कमी होत नाही हो, मीटर," त्या म्हणायच्या. नोकरी संपल्यावरही त्यांनी मला मीटरच ठेवलं. सकाळी टेकडीवरून फिरून आलो की दुकानातूनच ओरडायच्या, "काय, आज किती युनिट जाळली?"

आत्यांनी लग्न केलं नाही. का, ते मला माहीत नाही. विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा थोरला भाऊ राहायचे. भावाला त्या दादा म्हणत, म्हणून गावही दादा म्हणे. दादा बाहुल्यांचे खेळ करायचे. दुकानासमोरच त्यांचं बाहुलीघर होतं. आपल्या भागातल्या जुन्या गोष्टी, आपल्याच बोलीत. या बाहुल्या काठीवरच्या. बाहुली डोक्याच्या वर धरून अख्खा खेळ नाचवायची, म्हणजे हात खाली येणं नाही. म्हणून तिचं डोकं फुलासारखं हलकं लागतं. तसं हलकं लाकूड एकाच झाडाचं असतं. आम्ही त्याला नुसतं बाहुलीचं झाड म्हणतो. ते आमच्याकडे गावामागच्या टेकडीवर होतं, आणि ती टेकडी या दोघा भावंडांच्या नावावर होती, वडिलांकडून आलेली.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे लाकूड ओलं कोरलं तर तडकतं. मुखवट्याला नाकावरून चीर जाते. म्हणून फांदी आणली की बाहुलीघराच्या माळ्यावर टाकायची आणि कित्येक वर्षं विसरून जायची. दादा आज कोरत ते लाकूड त्यांनी काळ्या केसांच्या दिवसांत आणलेलं असे.

टेकडीवर बांधकामवाल्यांचा डोळा होता. चांगल्या गाड्या दुकानासमोर थांबायच्या, त्यातून चांगल्या शर्टांचे लोक उतरायचे. आत्या त्यांना गुंड्या विकून परत पाठवायच्या. गावाला वाटलं, बाई भाव वाढवतेय. मलाही तसंच वाटलं होतं.

मग शेठ आले. त्यांचे सिमेंटचे कारखाने होते. आयुष्यभर डोंगर फोडले आणि म्हातारपणी डोंगर राखायला निघाले. त्यांनी एक संस्था काढली होती. एका हाताने मोकळ्या जमिनी जपायच्या, दुसऱ्या हाताने त्या त्या भागातल्या कला. माणूस मनाने सरळ. पहिल्याच दिवशी दादांचा खेळ बघून लहान मुलासारखा रडला.

आत्यांनी त्यांना तोंडावर सुनावलं, "शेठ, सगळं खाऊन झाल्यावर पथ्य आठवलं म्हणायचं!"

शेठ म्हणाले, "आठवलं तरी. काहींना तेही आठवत नाही."

एवढ्यावर आत्या हसल्या, आणि दुसऱ्या सकाळी त्यांना टेकडीवर घेऊन गेल्या. खाली आल्या तेव्हा टेकडी देऊन आल्या होत्या. विकून नाही, देऊन. मी फिरून परत येत होतो, तर वळणावर शेठ रुमालाने कपाळ पुसत उभे. मला म्हणाले, "काका, मला जरा धरा. या बाईंनी मला अख्खी टेकडी दिली." मी त्यांना हात दिला.

गावात पुढे कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. डोकं फिरलं, म्हातारचळ लागला, शेठने काहीतरी पाजलं. दादांना विचारलं तर ते म्हणायचे, "तिची अर्धी तिने दिली. मग माझी अर्धी ठेवून काय करू, कुस्ती खेळू तिच्यावर?"

बदल्यात संस्थेने बाहुलीघराला कायमचा आधार द्यायचा ठरलं. करार बाहुलीघरातच सगळ्यांसमोर वाचला. टेकडीवर बांधायचं नाही, खणायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही. आत्या मध्येच उभ्या राहिल्या. "आणि लावला तर? त्याचं काय करणार?"

शेठ म्हणाले, "समज देऊ."

"समज देऊन कुणाला समजलंय? लिहा. जो फांदी तोडेल त्याला टेकडीवर जन्माची बंदी. मग तो कुणी का असेना."

"फार कडक होतं हो आत्या."

"गुंडी सैल शिवली तर पडते, शेठ."

लोक हसले, टाळ्या वाजल्या आणि तसं लिहिलं गेलं. दादाही टाळ्या वाजवत होते. बाहुल्यांच्या लाकडाचं काय, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादांच्याही नाही. कारण माळा गच्च भरलेला होता. ज्याच्या डोक्यावर पुढच्या कितीतरी वर्षांचं लाकूड वाळत पडलंय, त्याला झाड आठवत नाही.

टेकडीला रखवालदार हवा होता. मी रोज जातोच म्हणून तो मान माझ्या गळ्यात पडला. शेठनी एक टोपी दिली आणि एक शिट्टी. टोपी मी घालायचो. शिट्टी मात्र कधी फुंकली नाही. चारचौघांत आवाज करायचा मला संकोच.

त्यानंतर बाहुलीघराच्या दुरुस्तीचं काम निघालं. नवं छप्पर, नवे दिवे, पडद्याला नवं कापड, बसायला गादीच्या खुर्च्या. दादा तेव्हा खेळ घेऊन बाहेरगावी गेले होते. देखरेख आत्यांची. त्यांनी कामगारांना सांगितलं, "माळ्यावरचं सगळं खाली काढा, जळमटांसकट. अंगणात रचून ठेवा." तेवढ्यात दुकानात एक शिंपी आला. लग्नाच्या कपड्याच्या गुंड्या, आणि त्याला एकही रंग पसंत पडेना. आत्या दुकानात अडकल्या.

मी त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मला आधी वास आला, गोडसर. मग धूर दिसला. छपराच्या डांबराचा धूर काळा असतो. हा पांढरा होता.

आत्यांनी डोकं वर केलं. हातातली बरणी त्यांनी खाली ठेवली नाही, सोडून दिली. गुंड्या रस्त्यावर पसरल्या आणि त्यांच्यावरून त्या धावत गेल्या. मी मागून. अंगणात छपरासाठी डांबराचं पिंप तापत होतं आणि त्याखाली दादांचं लाकूड. कामगारांचा तरी काय दोष? वाळलेले, हलके, वाकडेतिकडे तुकडे. कुणालाही सरपणच वाटलं असतं. एक जण कौतुकाने म्हणालाही, "काय पेटतं हो बाई हे, कागदासारखं!"

आत्यांनी जाळात हात घातला. मी "अहो, अहो" एवढंच म्हणत राहिलो. त्यांनी एक ओंडका बाहेर ओढला, तो अर्धा जळालेला होता. जमिनीवर आपटून विझवायला लागल्या, तर त्याचे तीन तुकडे झाले. बाकी काही उरलं नव्हतं. त्यांच्या तळव्याचं कातडं सोललं होतं आणि त्या तो हात बघत नव्हत्या. कामगारांवर ओरडल्यासुद्धा नाहीत. ती बाई, जी चुकीच्या रंगाचा दोरा मागणाऱ्याचीही बिनपाण्याने करायची, ती गप्प उभी होती. मला वाटतं त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

दादा परत आले, तेव्हा त्यांना आत्यांनीच सांगितलं. मी दारात होतो. दादांनी वर माळ्याकडे पाहिलं, मग एका नव्या खुर्चीवर बसले. तिचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढला नव्हता, तो करकरला.

"खुर्च्या छान आहेत," ते म्हणाले.

एवढंच. त्यानंतर ते बहिणीशी बोलायचे बंद झाले. तिने वाढलेलं जेवायचे, तिने धुतलेला सदरा घालायचे, बोलायचे मात्र नाहीत. बाजारातलं लाकूड आणून त्यांनी एक राणी कोरली. दिसायला देखणी, पण जड. खेळात राणीचं मोठं भाषण होतं. मध्यावर दादांचा हात थरथरायला लागला आणि राणी हळूहळू पडद्याआड बुडत गेली. बोलणं चालू आणि डोकं गायब. लोकांना वाटलं गंमत आहे, ते पोट धरून हसले. दादांनी खेळ तसाच पुरा केला आणि बाहेर येऊन सांगितलं, "जुनी डोकी टिकतील तोवर खेळ. मग कुलूप."

आत्या शेवटच्या रांगेत होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी सकाळी टेकडीवर गेलो तर वरून करवतीचा आवाज. इतक्या दिवसांत कुणी पान तोडलं नव्हतं. पळून जावंसं वाटलं, पण डोक्यावर टोपी होती. झुडपांतून पुढे झालो तर बाहुलीच्या झाडाखाली एक लाकडी स्टूल, त्या स्टुलावर कुणीतरी पाठमोरं, आणि फांदी जवळजवळ तुटत आलेली. मी शिट्टी ओठाला लावली. फुंकर काही निघेना.

पाठमोऱ्या माणसाने वळून पाहिलं. आत्या.

"फुंका की," त्या म्हणाल्या. "शिट्टी काय दात कोरायला दिलीय?"

दुकानातलं ते स्टूल, वरची बरणी काढायचं, त्यांनी स्वतः टेकडीवर ओढत आणलं होतं. हाताला अजून पट्टी होती.

"आत्या, तुम्ही?"

"नाही, माझी धाकटी बहीण. धरा हे टोक, नाहीतर माझ्या डोक्यात पडेल."

मी धरलं. करवत चालली. फांदी माझ्या हातात आली तेव्हा तिला काही वजनच नव्हतं. ओली असूनही. आत्या स्टुलावरून उतरल्या आणि धापा टाकत त्याच्यावरच बसल्या.

मी धीर करून म्हणालो, "मी काही पाहिलं नाही."

त्या इतक्या चिडल्या की उठून उभ्या राहिल्या. "पाहिलं नाही? डोळ्यांदेखत झाड कापलं आणि पाहिलं नाही? मग रखवाली कसली करता, माश्या मारता? उद्या बांधकामवाला येऊन बंगला बांधेल, तोही बघू नका!"

"पण तुम्ही..."

"मी काय? कुंपणानेच शेत खाल्लं, आणखी काय. चला, ते टोक उचला. आडवाटेने नाही. रस्त्याने."

आणि आम्ही रस्त्याने आलो. पुढे आत्या, मागे मी, मध्ये ती पानांसकट फांदी, माझ्या काखेत स्टूल आणि डोक्यावर रखवालदाराची टोपी. दुकानं उघडत होती. न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला. बेकरीवाला म्हणाला, "मीटरकाका, चोर पकडला की चोराने तुम्हाला पकडलं?" मी मान खाली घालून चालत राहिलो. आत्यांची मात्र ताठ.

बाहुलीघरात दादा रंगाच्या वाट्या धूत होते. आत्यांनी फांदी त्यांच्या पायाशी ठेवली. दादांनी फांदीकडे पाहिलं, बहिणीच्या हाताकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी ते बोलले.

"ओली आहे."

"वाळेल."

"वाळेपर्यंत मी राहीन का?"

"दादा," आत्या म्हणाल्या, "ही वाळेपर्यंत तुला मरायची परवानगी नाही."

दादांच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, आणि हसता हसता खालीच बसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "शेठना कळवा. आजच्या आज. नाहीतर मी तुमचं नाव सांगेन, की रखवालदाराने लपवलं."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सगळं गाव जमलं, कराराच्या वाचनाला जमलं होतं त्याहून जास्त. आत्यांनी उभं राहून सांगितलं, लाकूड कुणी जाळलं, फांदी कुणी तोडली. आडपडदा नाही, रडणं नाही. शेठचे डोळे पाण्याने भरले. ते म्हणाले, "आत्या, चूक आपल्या सगळ्यांची. एका हाताने आपण बाहुल्यांना आधार दिला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं झाड बंद केलं. आपण नियम बदलू. बाहुल्यांसाठी लागेल तेवढी फांदी संस्थेला विचारून घेता येईल. आणि जे झालं ते माफ."

टाळ्यांनी नवं छप्पर दणाणलं. टाळ्या थांबेपर्यंत आत्या थांबल्या.

"नियम बदला. चांगलं होईल. पण तो उद्यापासून. मी तोडली काल. काल माफी नव्हती."

"अहो पण टेकडी तुम्हीच दिलीत!"

"दिली ना? मग माझी कुठे राहिली? जिची होती तिला सूट दिलीत, तर उद्या जो तो जुना मालक निघेल. जन्माची बंदी म्हणून मीच लिहून घेतलं होतं. ती घाला."

शेठ दादांकडे बघायला लागले, की तुम्ही तरी सांगा. दादा बहिणीकडे बघत होते. मला वाटलं आता कुणीतरी हसेल, की सगळी थट्टाच होती. कुणी हसलं नाही. शेवटी शेठनी इतक्या खालच्या आवाजात "बरं" म्हटलं की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू आलं नसेल. अंगणात गेल्यावर ते मला म्हणाले, "काका, मी आयुष्यात मोठमोठे सौदे केले. अशी बाई पाहिली नाही." मी त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो.

नंतर मी एकदा, आडून आडून, आत्यांना म्हणालो, "पहाटे कुणी नसतं वर. रखवालदार काय, मीच. गेलात तर कोण बघणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही आहात म्हणूनच जाता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "शिट्टी फुंकायला लागली, तर मराल तुम्ही लाजेने."

त्या गेल्या नाहीत. पुन्हा कधीच नाही. टेकडीची वाट त्यांच्या दुकानावरून जाते. शाळेची मुलं जायची, संस्थेचे पाहुणे जायचे, पक्षी बघणारे दुर्बिणी अडकवून जायचे, आणि आत्या पायरीवर बसून त्यांना "वळणावर पाय जपा, घसरतं" म्हणून सांगायच्या. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि एकही दिवस त्याची सवय झाली नाही.

फांदी वाळली. दादांनी मरायची परवानगी न मागता तिच्यातून पहिलं डोकं कोरलं. कुणाचं म्हणाल? रखवालदाराचं. डोक्यावर टोपी, ओठात शिट्टी आणि नाक, सांगायला लाज वाटते, माझं. तो रखवालदार खेळभर शिट्टी फुंकायचा प्रयत्न करतो आणि ती वाजतच नाही. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. सगळ्यांत मोठ्याने आत्या हसत होत्या.

आत्या गेल्या त्या झोपेतच. आदल्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडं होतं. शेठ आता चाकाच्या खुर्चीत असतात, तरी आले. म्हणाले, टेकडीच्या माथ्यावर आत्यांच्या नावाची दगडी पाटी बसवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा तेवढे म्हणाले, "नको. तिला बंदी आहे. नाव तरी कसं चढवणार?"

मला वाटलं दादा कडवटपणे बोलताहेत. तसं नव्हतं. ते अगदी साधेपणाने, बहिणीची बाजू सांगावी तसं सांगत होते. पाटी झाली नाही.

माणसं मला विचारतात, शेवटी आत्या काही बोलल्या का. त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. तसं काही झालं नाही. त्या आदल्या सकाळी मी टेकडीवरून उतरलो. रात्री भुरभुर पाऊस झाला होता. सदऱ्याची गुंडी सैल झाली होती म्हणून दुकानाची पायरी चढलो.

"थांबा थांबा," त्या आतून म्हणाल्या. "चपलांना टेकडीची माती लागलीय सगळी. पायरीवर झटका आधी."

"झटकतो."

"पायरीवरच हं. रस्त्यावर नको."

"बरं," मी म्हणालो.